कारल्याच्या मांडवातला हरणटोळ

आमच्या सासरी कारल्याच्या मांडवाखाली उघड्या डोक्यानं जायला बायकांना बंदी होती. पदर चालत नसे, रुमाल चालत नसे. बांबूची पाटी डोक्यावर उपडी घालायची आणि मगच आत शिरायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा शेतावर गेले तेव्हा सासूबाईंनी मांडवाच्या तोंडाशी खांबाला अडकवलेली पाटी काढली आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवली. मला वाटलं, नव्या सुनेची गंमत चालली आहे. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आत हरणटोळ हाय," त्या म्हणाल्या. "टाळूवर मारतो."

मी मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. माझ्या माहितीतला साप म्हणजे रुळाच्या खडीत कधीतरी दिसणारा, मातकट रंगाचा, आणि तोही कुणीतरी आधीच मारून ठेवलेला. हिरवा साप असतो, तो वेलासारखा लोंबकळतो आणि माणसाची टाळू हेरून मारतो, हे ऐकून मला मजाच वाटली. मी शहरातल्या एका शाळेत गणित शिकवते. कुणी काही ठासून सांगितलं की पुरावा मागायची वाईट खोड मला आहे.

"आई, आजवर गावात कुणाला मारलंय?"

"कुणालाच नाय."

"मग?"

"पाटी व्हती म्हणून."

"आणि पुरुषांना नाही का मारत?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांना टोपी हाय की." मी पाटी सावरली आणि आत शिरले.

गिरणाऱ्याच्या पुढे हरसूलच्या रस्त्याला लागलं की डोंगर जवळ यायला लागतात. आमचं शेत अशाच एका डोंगराच्या पायाशी आहे. बांधाला लागून करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्या मागे थेट रान. हरणटोळ त्या पावसाळी रानातला. रानातून जाळीवर, जाळीवरून मांडवावर. त्याच्या दृष्टीनं आमचा मांडव म्हणजे रानाचाच एक तुकडा असणार. मला मात्र तो कित्येक पावसाळे दिसला नाही. सासूबाई म्हणायच्या, "तुला दिसत नाय म्हंजे तो नाय असं नसतं." मी नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

कारल्याचं खरं काम तोडणीचं नसतं, वेल वळवण्याचं असतं. वेल सुतळीवरून वर चढला की त्याचे शेंडे वाट्टेल तिकडे लोंबतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. एकेक शेंडा दोन बोटांवर उचलायचा, तारेवरून पलीकडे टाकायचा, की तो आपली बारीक कुरळी सुतं गुंडाळून तिथला होतो. ओढायचा नाही, बांधायचा नाही. सासूबाई हे काम करत तेव्हा त्यांचं तोंड अखंड चालू असे, म्हणजे वेलाशी. "चल, इकडं. तिकडं काय ठेवलंय तुझं?" माणसांशी त्या इतक्या गोड कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. सासऱ्यांना मांडवात यायची परवानगी होती पण शेंड्यांना हात लावायची नव्हती, कारण त्यांच्या हाताखाली शेंडे मोडायचे.

सासूबाईंच्या डोक्यावर पाटी अशी चपखल बसायची की पुसू नका. त्याचं कारण त्यांचे केस. एवढे दाट केस मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. मोठा अंबाडा, त्यावर पाटी, मग खाली वाका, वर बघा, काही होत नसे. माझी पाटी सारखी घसरायची. त्यांना माझ्या केसांची काळजी वाटे. मी शेतावर गेले की दुपारी तिथल्या घराच्या ओट्यावर मला पुढ्यात बसवून त्या डोक्याला तेल चोळायच्या आणि बडबडायच्या, "काय ही शेपटी. शाळेत पोरं भीत नाय का तुला?" मला ते आवडायचं. माझी आई लवकर गेली. डोक्याला कुणी हात लावला की मला झोप येते, हे मला सासरी कळलं.

मग त्यांच्या छातीत गाठ निघाली.

उपचारांसाठी त्यांना आमच्याकडे शहरात आणलं. नवरा आणि सासरे दोघंही भले, पण दोघांनी मिळून एक ठरवलं, की यांना आजाराचं नाव सांगायचं नाही. साधी गाठ आहे, औषधानं विरघळते. सासूबाई मुकाट ऐकून घ्यायच्या. दवाखान्यात बाकावर बसल्या की शेजारच्या बायांकडे, त्यांच्या डोक्याला गुंडाळलेल्या ओढण्यांकडे बघत राहायच्या. एकदा घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि दार लोटून घेतलं.

"मला काय झालंय ते तू सांग. हे बाप्ये लपवत्यात."

मी गॅस बंद केला आणि सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकला. मग म्हणाल्या, "हितून पुढं तूच सांगत जा. वाईट असलं तरी सांग. मला अंधारात ठेवू नको." मी हो म्हटलं, आणि पुढे तसंच वागले. प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलं की त्या मुलाकडे बघायच्या नाहीत, माझ्याकडे बघायच्या.

सुया, उलट्या, जिभेची चव जाणं, सगळं त्यांनी निमूट सोसलं. केस जाणं मात्र त्यांना सोसलं नाही. उशीवर पुंजके पडायला लागले तेव्हा त्यांनी मला कात्री आणायला सांगितली. बाल्कनीत खुर्ची टाकली, त्यांच्या खांद्यावर जुनी साडी घातली आणि मी ते केस कापले. मला रडू येत होतं आणि मागे उभी असल्यामुळे मी खुशाल रडले. त्या समोरच्या इमारतीकडे बघत होत्या. झाल्यावर त्यांनी आरसा मागितला नाही. माझा सुती स्कार्फ डोक्याला घट्ट बांधला आणि त्या दिवसापासून आपल्या डोक्याला स्वतःचा हात लावणंच सोडून दिलं. अंघोळीला डोक्यावरून पाणी ओतायच्या, पण हात फिरवायच्या नाहीत.

उन्हाळा संपता संपता उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, आता काही दिसत नाही. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं दवाखान्याच्या दारातच पेढे घेतले. सासूबाईंनी पेढा हातात धरून ठेवला आणि मला विचारलं, "काय म्हणले गं नेमकं?"

"म्हणाले, आता काही दिसत नाही."

"दिसत नाय म्हंजे नाय असं नसतं," त्या म्हणाल्या. "हरणटोळ कुठं दिसतो?"

या खेपेला मी डोळे मिचकावले नाहीत. तो पेढा शेवटी रिक्षात मी खाल्ला.

त्या गावी गेल्या. पाऊस लागल्यावर सासऱ्यांनी सवयीनं कारली लावली, वेल सुतळीवर चढले, आणि सासूबाई मांडवात गेल्या नाहीत. ओट्यावर भिंतीला टेकून बसायच्या. कुणी जेवायला वाढलं तर दोन घास खायच्या, नाही वाढलं तर मागायच्या नाहीत. एकदा माझ्या आग्रहाखातर मांडवापर्यंत आल्या. पाटी डोक्यावर घातली, तर ती सरळ नाकापर्यंत खाली आली. अंबाडाच नव्हता ना तिला धरायला. मी जुन्या साडीची चुंबळ वळून दिली, डोक्यावर ओझं वाहताना ठेवतात तशी. त्या म्हणाल्या, "टोचतं," आणि पाटी खांबाला परत अडकवून ओट्यावर जाऊन बसल्या. टोचत नव्हतं. मी ती चुंबळ स्वतः घालून बघितली होती.

सासरे घाबरले. घाबरले की ते शेतीचं बोलतात. एका संध्याकाळी मुद्दाम सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "औंदाचा मांडव शेवटचा. तारा काढून टाकू. पुढल्या साली टोमॅटो." मला वाटलं आता सासूबाई घर डोक्यावर घेतील. हा मांडव त्यांनी उभा केलेला, त्याचे खांब त्यांनी निवडलेले. त्या फक्त म्हणाल्या, "बघा तुमचं तुम्ही." सासरे उठून गोठ्याकडे गेले. आमच्या घरात त्या भांडत होत्या तोवर सगळं ठीक होतं.

मी दर रविवारी स्कूटर काढून शेतावर जायला लागले आणि वेल वळवायचं काम अंगावर घेतलं. गणिताची बाई आणि कारल्याचा वेल, दोघांचा काही संबंध नाही. माझे शेंडे तारेवर राहायचे नाहीत. टाकले की खाली यायचे. शेवटी मी वैतागून त्यांना सुतळीनं बांधायला सुरुवात केली.

श्रावणातली सकाळ होती. पाऊस नुकता थांबला होता आणि मांडवातून ऊन ठिबकत होतं. मी पाटी घालून, हात वर करून, एका शेंड्याला गाठ मारत होते. मागून आवाज आला.

"गळा आवळतीस का त्याचा?"

सासूबाई मांडवाच्या तोंडाशी उभ्या होत्या. माझी सुतळी त्यांना ओट्यावरून दिसली असणार. कित्येक महिन्यांत तो चढा आवाज मी ऐकला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्या तरातरा आत आल्या, माझी गाठ सोडली, शेंडा बोटांवर घेतला आणि तारेपलीकडे टाकला. मग दुसरा. मग तिसरा. "शिकलेली बाई आन् सुतळ्या बांधत बसलीय. चल रे, इकडं चल. हिनं लय छळलं का तुला?" वेलात अडकून स्कार्फ मागे सरकला आणि मानेवर पडला. त्यांना त्याची शुद्ध नव्हती. डोक्यावर नुकती उगवलेली, लहान बाळासारखी मऊ पांढुरकी लव होती. त्यांची पाटी खांबालाच होती आणि जवळचं बघायचा चष्मा ओट्यावर.

मी गप्प बाजूला झाले. आता मध्ये बोललं तर हे सगळं मोडेल, एवढं मला कळत होतं.

त्यांच्यासमोर आणखी एक शेंडा लोंबत होता. वाऱ्यावर किंचित हलत होता. वारा थांबला तरी हलत होता, म्हणून मी नीट पाहिलं. त्याला डोळा होता. पिवळा, आणि मध्ये बाहुलीची आडवी काळी रेघ. पुढे टोकदार तोंड. मागचं सगळं अंग पानांत होतं आणि पुढचा हातभर भाग नुसता हवेत धरलेला. सासूबाईंच्या उघड्या डोक्यापासून तो वीतभर अंतरावर होता.

पाचावर धारण बसणं काय असतं ते मला तिथे कळलं. मी ओरडायला तोंड उघडलं. तोवर त्यांनी दोन बोटं त्याच्याखाली घातली. ओढलं नाही, दाबलं नाही. जसा शेंडा उचलायचा तसाच त्याला उचलला आणि तारेवरून पलीकडे ठेवला. "असा," त्या म्हणाल्या. "ह्यो बघ कसा ऐकतो." तो क्षणभर तिथे पडून राहिला. मग मागचं अंग हळूहळू पानांतून ओढून घेत तारेवरून निघाला आणि करवंदीच्या बाजूला हिरव्यात हिरवा होऊन गेला. सासूबाई तोवर पुढच्या वेलाशी पोचल्या होत्या. आणि मी, डोक्यावर पाटी घालून, सुतळीचा गुंडा छातीशी धरून उभी.

त्या दिवशी दुपारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक भाकर दे." सासऱ्यांनी स्वतः उठून वाढली.

सोमवारी मी शाळेत आमच्या खेळाच्या सरांना गाठलं. ते साप पकडून रानात सोडतात. हरणटोळ निमविषारी, ते म्हणाले. विषाचे दात तोंडात पार मागे असतात. सरडा किंवा बेडूक तोंडात धरून मागे मागे नेला की मग विष लागतं. माणसाला चावलाच तर सूज येईल, दुखेल, डॉक्टरांना दाखवायचं, पण त्यानं माणूस मरत नाही. "आणि टाळू?" मी विचारलं. ते हसले. तो वर असतो, माणूस खाली, म्हणून जवळ काय येतं तर डोकं. बाकी तो टाळूबिळू काही ओळखत नाही. पकडून नेऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

तो अख्खा आठवडा सासऱ्यांचे फोन येत होते. आज ती सकाळीच मांडवात गेली. आज माझ्यावर खेकसली. आज चहात साखर कमी म्हणून दोनदा बोलली. नवरा म्हणाला, झालं, आई परत आली. पण तारेवर टाकला तो शेंडा नव्हता, हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं. सांगितलं तर त्या पुन्हा ओट्यावर जाऊन बसतील, आणि तारा निघतील. नाही सांगितलं तर मीही त्या दोघांसारखीच झाले, साधी गाठ आहे म्हणणारी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कशाला सांगतेस? चांगलं चाललंय की." तेव्हा मी ठरवलं की सांगायचं.

पुढच्या रविवारी कामं आटोपल्यावर मी तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसले आणि त्यांना म्हटलं, आज तुम्ही पुढं बसा. त्या कां कूं करत बसल्या. मी स्कार्फ सोडला. बोटं तेलात बुडवून त्या लवेवर ठेवली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांचं डोकं इतकं लहान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला त्यांची फार माया आली.

"आई, मागच्या रविवारी तुम्ही एक शेंडा तारेवर टाकलात. ऐकतो म्हणालात."

"बरं मग?"

"तो शेंडा नव्हता."

माझ्या हाताखाली त्यांची मान ताठ झाली. मी सगळं सांगितलं, डोळ्यापासून ते करवंदीपर्यंत. दातांचंही सांगितलं. त्यांनी ते दातांचं ऐकलं की नाही कोण जाणे.

"माझं डोकं उघडं व्हतं?"

"हो."

"पाटी?"

"खांबाला."

"केवढ्यावर व्हता?"

मी त्यांच्यासमोर वीत धरून दाखवली. त्या माझ्या वितीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला हात उचलला आणि डोक्यावर ठेवला. कपाळापासून मागे मानेपर्यंत सावकाश फिरवला, परत पुढे आणला, टाळूवर थांबवला. केस कापल्यापासून मी हे पहिल्यांदा पाहत होते.

"म्हंजे आत असला तरी मारतोच असं नाय," त्या म्हणाल्या.

"नाही, आई. मारतोच असं नाही."

मग त्या रडल्या. बाल्कनीत रडल्या नव्हत्या, दवाखान्यात रडल्या नव्हत्या, त्या ओट्यावर माझ्याकडे पाठ करून हमसून हमसून रडल्या, आणि मी त्यांच्या डोक्यावरून तेलकट हात फिरवत राहिले, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. गोठ्यातून सासरे धावत आले. मी त्यांना हातानंच थांबवलं.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि मांडवाकडे चालायला लागल्या. स्कार्फ माझ्या मांडीवरच होता. मी तो घेऊन मागे धावले. खांबाशी त्या थांबल्या, पाटी काढली, उलटसुलट करून झटकली. मला वाटलं, घालणार. त्यांनी ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली, लग्नानंतरच्या त्या पहिल्या वेळेसारखी.

"मला बघून सोडलंय त्यानं," त्या म्हणाल्या. "तुला नाय बघितलं अजून. तू घालत जा."

आणि उघड्या डोक्यानं माझ्या पुढे आत गेल्या.